शिंपल्यातलं रुपं, शेतातलं लोखंड

२२ मे २०१२ ला भरदुपारी काटोल आणि आसपासच्या परिसरात आकाशातून दगड पडले, आणि पुढची काही वर्षं नागपूर जिल्ह्यात एकही काळा दगड साधा राहिला नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी तुकडे गोळा केले, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि माणसं इतकी वर्षं ज्यांना ठेचकाळत होती त्या धोंड्यांकडे आदराने बघू लागली. मी तेव्हा कॉलेजात भूशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाले तरी दगड यायचे थांबले नाहीत. कोणी पिशवीतून आणतं, कोणी टॉवेलात गुंडाळून, कोणी साडीच्या खोक्यात कापसावर ठेवून. दगड कशातून आलाय यावरूनच आणणाऱ्याने मनाशी काय ठरवून टाकलंय ते कळतं.

येणारे दगड बहुतेक त्याच त्या घराण्यातले. मनसर-कांद्रीकडचं मँगनीजचं खनिज, काळं, जड, बोटांना काजळी लावणारं. गडचिरोलीकडचं हेमॅटाइट. कोळशाच्या खाणीतून आलेला पितळी रंगाचा माक्षिक, ज्याने अनेकांना चार दिवस सोन्याची स्वप्नं दाखवली आहेत. आणि सगळ्यांत जास्त, लोखंड गाळून उरलेली मळी. खरी उल्का माझ्या टेबलावर आजवर आलेली नाही.

ओळखायची रीत साधी आहे आणि मी ती आणणाऱ्यासमोरच करते. चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी चकाकी नसलेली खरखरीत कडा असते, तिच्यावर दगड जोर लावून ओढायचा. अंगावरची चमक फसवते, पूड सहसा फसवत नाही. हेमॅटाइट वरून पोलादी दिसलं तरी रेघ उमटते ती तांबडी, गेरूची; गेरूही त्याच कुळातला. मॅग्नेटाइटची रेघ काळी, माक्षिकाची हिरवट काळी, सोन्याची मात्र सोनेरीच. मग घनता. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणायचा, दगड दोऱ्याने पाण्यात लोंबता धरायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागायचं. आपला दख्खनचा काळा पाषाण तीनच्या जवळपास येतो, हेमॅटाइट पाचाच्या वर, लोखंडी उल्का आठाच्या जरा खाली. लहान मुलं बरोबर आली असली की दोरा त्यांच्याच हातात देते. चुंबक अगदी शेवटी, आणि तोही अशक्त. तगडा चुंबक लावला तर खऱ्या उल्केने कोट्यवधी वर्षं जपलेली जुन्या चुंबकीय क्षेत्राची खूण क्षणात पुसली जाते. लोक मात्र घरूनच स्पीकरमधला चुंबक लावून आलेले असतात.

मागच्या उन्हाळ्यात पारशिवनी तालुक्यातले एक शेतकरी आले. वयाने माझ्याहून मोठे असावेत, पण ‘मॅडम’ आणि ‘जी’ सोडून बोलले नाहीत. नांगराला लागलेला दगड, दोन्ही ओंजळींत मावेल एवढा, काळाभोर, एका अंगाने ओघळून तिथेच थिजलेला. वर हळदकुंकू. म्हणाले, “माय म्हणते देव आहे, पोरगा म्हणते उल्का आहे. तुम्ही सांगा जी काय ते.”

घनता साडेतीनच्या आसपास आली. एवढ्यावरून काही ठरत नाही, काटोलला पडले त्या जातीचे दगडही त्याच सुमाराचे. चुंबक जरासा ओढला गेला. त्यानेही काही ठरत नाही. पण फुटलेल्या कोपऱ्यात भिंगातून पाहिलं तर आत फुगेच फुगे, काही गोल, काही एका दिशेने ताणलेले, आणि भोवतालचा पदार्थ काचेचा. उल्कापाषाणाच्या अंगात असे फुगे नसतात. त्याला वरून काळा पापुद्रा असतो, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, बहुधा मंद रंगाचा, आणि आतला दगड फिकट. हे सगळं एकजात वितळून वाहिलेलं होतं. वैद्य ज्याला मंडूर म्हणतात, आणि जितका जुना तितका गुणकारी मानतात, तो हा लोखंडाचा मळ. त्या तालुक्यात त्याचं नवल नाही. पेंच नदीकाठच्या नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांसकट.

मी त्यांना हे सगळं सांगितलं, जरा रंगूनच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे मळच.” दगड टेबलावर तसाच ठेवला. “असू द्या तुमच्यापाशी.” हळदकुंकवासकट.

ते गेल्यावर मला जे खटकलं, त्यासाठी हा सगळा लेख. मी तपासलं ते मुलाचं म्हणणं. दगड आकाशातून आला की नाही, याला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मी दिलं. आई काही तो आकाशातून आला असं म्हणत नव्हती. ती देव म्हणत होती. मग माझ्या एका भिंगाने आईचा देवही कसा गेला? कोणत्या न्यायाने?

न्यायाने हा शब्द मी जपून वापरते, कारण गुरुवारी संध्याकाळी नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात आम्ही काही निवृत्त मंडळी शास्त्रीबुवांकडे अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह वाचतो. सतराव्या शतकातली ही पोथी म्हणजे न्याय-वैशेषिकाची अंकलिपी. तिच्यात चुकीच्या ज्ञानाचं उदाहरण म्हणून तोच तो शिंपला येतो: वाळूत शिंपला पडलाय, चकाकतोय, आणि माणसाला वाटतं ‘हे रुपं’. आपल्याकडच्या दर्शनांनी या शिंपल्यावर जितकी शाई घातली तितकी खऱ्या चांदीवरही कोणी घातली नसेल. मला याचं पूर्वी हसू यायचं. टेबलावर दगड यायला लागल्यापासून येत नाही, कारण धातूसारखं दिसणारं आणि धातू नसलेलं काहीतरी हाच माझाही विषय आहे.

नैयायिक म्हणतात, रुपं खोटं नाही, ते सराफाच्या दुकानात आहे. तुम्ही ते इथे पाहिलंत एवढीच गडबड. प्राभाकर मीमांसकांचं म्हणणं याहून चमत्कारिक आणि माझ्या मते माझ्या पाहुण्यांना जास्त लागू. ते म्हणतात, चुकीचं ज्ञान असं काही नसतंच. समोर काहीतरी चकाकतंय हे पाहणं खरं, आणि पूर्वी पाहिलेल्या रुप्याची आठवणही खरी. या दोहोंमधली फट लक्षात येत नाही, एवढंच घडतं. पारशिवनीचा मुलगा घ्या. दगड काळा, जड आणि चुंबकाला लागणारा, हे त्याने बरोबर पाहिलं होतं. काटोलच्या दगडाचा पेपरातला फोटोही त्याला बरोबर आठवत होता. मधली फट त्याला दिसली नाही. त्याला मी खोटा कसा म्हणू? रामानुज तर आणखी पुढे जातात: सगळी भूतं एकमेकांत मिसळलेली असल्याने शिंपल्यात रुप्याचा अंश असतोच, म्हणून ते दिसतं. मंडूरात लोखंड असतंच, हे मला मान्य करावंच लागतं.

चुंबकाच्या बाबतीत मात्र मी नैयायिकांच्या बाजूने कडक आहे. ‘चुंबकाला चिकटतो, म्हणून उल्का’ हा अनैकांतिक हेतू झाला, म्हणजे साध्य असो वा नसो, हजर राहणारा. मॅग्नेटाइट चिकटतं, मळी चिकटते, ट्रकच्या स्प्रिंगचा गंजका तुकडा चिकटतो. नापास विद्यार्थ्यांना हेत्वाभास शिकवायचे असतील तर मी पोथी बाजूला ठेवून चुंबक घेईन.

इथवर तपासणाऱ्याची बाजू भक्कम वाटते. पण माझ्या व्यवसायाच्या इतिहासात एक दगड असा आहे की तो आठवला की माझा आवाज खाली येतो. फ्रान्समध्ये ल्यूसे नावाच्या गावी १३ सप्टेंबर १७६८ ला शेतात काम करणाऱ्यांनी गडगडाट ऐकला आणि दगड पडताना पाहिला. तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे गेला. ज्यांनी तो तपासला त्यांत तरुण लाव्हॉझिए होता. आधुनिक रसायनशास्त्राचा बाप म्हणतात तोच. त्यांनी दगड फोडला, भाजला, त्यात लोखंड, गंधक आणि काचेसारखी माती सापडली. हे विश्लेषण त्या काळाच्या मानाने ठीकच होतं. निष्कर्ष काढला तो असा, की हा माक्षिक असलेला वालुकाश्म आहे, इथलाच, फार तर त्याच्यावर वीज पडली असेल. आकाशातून पडला हे खेडुतांचं बोलणं. पूड खोटं बोलली नव्हती, ताजवा खोटं बोलला नव्हता. आज त्या दगडाचा गट ठरलेला आहे, एल-६ कोंड्राइट. काटोलचा दगड त्याच गटातला.

म्हणजे या एका खटल्यात अडाणी शेतकरी खरे आणि लाव्हॉझिए खोटा. का? त्याने प्रत्यक्ष मानलं, अनुमान मानलं, आणि तिसरं प्रमाण दारातूनच परत पाठवलं. न्यायदर्शनात शब्द हे स्वतंत्र प्रमाण आहे, आणि आप्त म्हणजे वेदपाठीच हवा असं नाही. वात्स्यायनाच्या मते वस्तू जशी पाहिली तशी सांगू इच्छिणारा कोणीही आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. ल्यूसेचे मजूर या व्याख्येत चोख बसतात.

योगायोग असा, की युरोपचा हा हट्ट सोडवण्यात काशीचा मोठा हात होता. १९ डिसेंबर १७९८ च्या रात्री बनारसजवळ क्राखूट गावावर दगड पडले. तिथल्या जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रजाने लोकांना विचारून वृत्तांत लिहिला: आगीचा गोळा कसा दिसला, शेतात खड्डे कुठे पडले, चौकीदाराच्या झोपडीचं छप्पर फोडून एक दगड जमिनीत कसा रुतला. ते दगड इंग्लंडला गेले, एडवर्ड हॉवर्डने युरोपातल्या इतर ‘पडलेल्या’ दगडांबरोबर ते तपासले आणि १८०२ साली दाखवून दिलं, की इतक्या दूरदूरच्या दगडांमधल्या लोखंडात निकेल आहे. १८०३ मध्ये फ्रान्समध्येच लेग्ल गावावर दगडांचा पाऊस पडला, बिओ हा शास्त्रज्ञ तिथे जाऊन माणसांशी बोलून आला, आणि वाद मिटला. विल्यम्सने काय केलं आणि लाव्हॉझिएच्या मंडळींनी काय केलं नाही, ते पाहिलं की मला वाटतं काशीच्या हवेत थोडा न्याय असावाच. (हे अनुमान नाही, कौतुक आहे.)

शास्त्रीबुवांना मी आईच्या देवाचा प्रश्न घातला. ते म्हणाले, शिंपल्याकडेच परत या. ‘हे रुपं नव्हे, शिंपला’ असं कळल्यावर नेमका कशाचा बाध होतो? रुप्याचा. ‘हे’ तसंच राहतं. कोणत्याही दर्शनवाल्याला विचारा, समोरची वस्तू कोणी खोडत नाही. तुमच्या भिंगाने ‘उल्का’ खोडली, दगड खोडला नाही. आणि आईचं कुंकू उल्केला नव्हतं, दगडाला होतं.

हे ऐकायला छान आहे, पण मला पुरलं नाही. नैयायिकांची कसोटी प्रवृत्तीची: रुपं समजून हात पुढे करा, वितळवा, विका, हाती काही लागलं तर ज्ञान खरं. जालंधरकडे १६२१ साली पडलेलं लोखंड जहांगीरने उस्ताद दाऊदला दिलं. नुसतं ते हातोड्याखाली टिकेना, तेव्हा साधं लोखंड मिसळून त्याच्या तलवारी, खंजीर घडवले. बादशहाला काय हवं होतं आणि त्याची परीक्षा कुठे झाली, दोन्ही स्वच्छ. पण ‘हा देव’ या ज्ञानाची प्रवृत्ती कोणती आणि फसलं हे कधी कळणार? ज्याला कशानेच बाध येऊ शकत नाही ते ज्ञान तरी कसं म्हणायचं? कोणत्याही परीक्षेत बसायचंच नाही असं ठरवलेल्या मुलाला मी हुशार म्हणणार नाही.

शास्त्रीबुवांकडे यालाही उत्तर होतं, अर्थात मीमांसेचं. शबरस्वामी तर देवतेला शरीरच नाकारतात: ती खात नाही, येत नाही, प्रसन्न होत नाही, कर्मात तिचं नाव उच्चारायचं, तिचं असणं तेवढंच. मग खाली दगड कोणता याने काय बिघडतं? माझ्या डोळ्यांसमोर लगेच शाळिग्राम आला. गंडकीतला तो काळा गोटा म्हणजे एका समुद्री जिवाचा जीवाश्म. काहींच्या पोटात सोनेरी चमक दिसते, ती माक्षिकाची, तोच जो माझ्याकडे सोनं म्हणून येतो. पण शाळिग्रामाची परीक्षा शास्त्रातच आहे: चक्र कुठे, छिद्र कसं, रंग कोणता, यावरून नाव ठरतं. त्याला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, कारण देव त्या दगडातच आहे. इथे दगड कोणता याने सगळंच ठरतं. पूजा करणारेही दगड ओळखतात, फक्त त्यांचा तक्ता वेगळा.

आणि एटापल्लीकडचं सुरजागड. त्या डोंगरात हेमॅटाइट आहे, उत्तम प्रतीचं, आणि तिथे माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत त्याची जत्रा भरते. खाण आली तेव्हा आदिवासींनी विरोध केला त्यात जंगल-जमिनीचे प्रश्न होतेच, पण देवाचा डोंगर हेही होतं. मीमांसक म्हणेल, नाव दुसऱ्या डोंगरावर घ्या. असं म्हणून पाहावं कोणी तिथे. माझ्यासारख्याच कोणा भूशास्त्रज्ञाने कधीतरी त्या दगडाची रेघ ओढली, लाल आली, टक्केवारी लिहिली, आणि त्या एका खऱ्या, निर्दोष ज्ञानाची प्रवृत्ती डंपरपर्यंत गेली. कसोटी नैयायिकाचीच लावली तर हाती फळ लागलं, ज्ञान खरं ठरलं. डोंगराचं काय झालं हा रकाना त्या कसोटीत नाही. दगड ओळखणं हे फक्त पाहणं असतं, त्याने कोणाचं काही जात नाही, असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. आता कोणी विचारलं तर तसं सरसकट सांगणार नाही.

तर एका बाजूला मंत्रापुरता देव, दुसऱ्या बाजूला त्या डोंगरातून हलवता न येणारा. पारशिवनीचा यांतला कोणता? ज्याचं प्रमाण शब्द, त्याला विचारावं. त्या शेतकरी काकांनी जाताना फोन नंबर दिला होता, त्यावर लावला. त्यांनी जरा कुरकुरत फोन आईकडे दिला.

“माय, तो दगड तुम्ही देव कशावरून म्हणालात?”

“कशावरून म्हणजे?” पलीकडून मोठ्या आवाजात आलं. “अखाजीले नांगर धरला का जो पहिला गोटा वर येते, त्याले आमच्या घरी कुकू लावतेत. माह्या सासूपासून हाय. देवच म्हनतेत त्याले.”

“कोणताही दगड?”

“पहिला पाह्यजे. दुसरा चालत नाही.”

घनता नाही, रेघ नाही, आकाश तर नाहीच. पण अटही होती आणि ती ढिली नव्हती. दुसऱ्या दगडाला कोणी कुंकू लावलं असतं तर ती चूकच ठरली असती, आणि ती चूक त्या घरातल्या कोणालाही दाखवून देता आली असती. माझ्या परीक्षेचा प्रश्न मला इथे मिळाला, उत्तर तिच्या सासूकडे होतं. शास्त्रीबुवांना सांगितलं तर ते म्हणाले, हा तर सरळ विधी झाला, मी तेच म्हणत होतो. मला तसं वाटत नाही. विधी पार पडल्यावर त्याचं साधन बाजूला ठेवून देता येतं. इथे ज्या दगडाला कुंकू लागलं तोच देव राहतो, एरवी मळी असो नाहीतर मुरूम. हा वाद आमचा चालू आहे.

माय फोन ठेवायला तयार नव्हती. पोराने सांगितलेलं तिच्या कानावर होतंच. “ते मंडूर म्हनजे औषधातलं तेच का वो?”

“तेच.”

“मंग त्यातलं थोडं फोडून घ्या तुमाले पाह्यजे तर. बाकीचं आठ दिसांत धाडा, एसटीनं. पेरनीच्या आधी.”